जुनी गाणी मागू नका

1987 साली लंडनचा 'वायर' हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याच्यापुढे पेच होता. तिथल्या रसिकांनी जीव लावला होता तो त्यांच्या दहा वर्षांपूर्वीच्या 'पिंक फ्लॅग' या पहिल्या तबकडीवर. लोकांना तीच गाणी हवी होती. वायरचे चौघे मात्र नव्या गाण्यांत बुडालेले होते आणि जुन्या गाण्यांकडे वळून बघायची त्यांची तयारी नव्हती. अशा वेळी बहुतेक बँड निम्मं नवं, निम्मं जुनं अशी तडजोड करतात. वायरने न्यू जर्सीतल्या होबोकनचा 'द एक्स-लायन टेमर्स' नावाचा बँड बरोबर घेतला. हे नावच 'पिंक फ्लॅग'मधल्या एका गाण्यावरून घेतलेलं, आणि हे लोक वाजवायचे ती फक्त वायरची जुनी गाणी. त्यांचा ड्रमर जिम डेरोगॅटिस पुढे अमेरिकेतला नावाजलेला संगीत समीक्षक झाला. रोज रात्री आधी ही मंडळी 'पिंक फ्लॅग' पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने वाजवत. मग वायर येऊन आपली नवी गाणी वाजवत.

हा किस्सा रॉकच्या इतिहासात गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो एका कार्यपद्धतीचा जाहीरनामा वाटतो. साठी ओलांडलेले रॉक बँड आज जगभर फिरताहेत. त्यांपैकी बहुतेकांचा धंदा श्रोत्यांच्या तरुणपणाच्या आठवणींवर चालतो. पण एक छोटा गट असा आहे की जो चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही दोन-तीनशे माणसांच्या क्लबमध्ये उभा राहून कालपरवा बांधलेलं गाणं वाजवतो. त्या लहान खोलीकडे उतरत्या काळाची खूण म्हणून पाहणं चूक आहे. या संगीताचा जीव त्या खोलीतच आहे, आणि तिच्यामुळेच ही माणसं म्हातारपणी नवं काही करू शकली. हा लेख त्यांच्याविषयी आहे. त्यात वायरविषयी सर्वांत जास्त, कारण हे सगळं त्यांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतं.

'आर्ट-पंक' हे नाव समीक्षकांनी दिलेलं. पंकने 1976-77 मध्ये सांगितलं की गाणं करायला वाद्यावर हुकमत लागत नाही. तीन कॉर्ड पुरेत, उभे राहा आणि वाजवा. त्या परवानगीचा फायदा चित्रकला महाविद्यालयांतल्या मुलांनी निराळ्या रीतीने घेतला. वाद्य येत नाही ना, मग वाद्य येणाऱ्यांच्या सवयीही आपल्याला नाहीत. सोलो नको, ठरलेली कडवी-ध्रुवपदं नकोत. उरेल त्यातून नवी रचना करू. इंग्लंडच्या आर्ट स्कूलांतून असे अनेक बँड आले. लीड्स विद्यापीठाच्या ललितकला विभागाभोवती 'गँग ऑफ फोर' आणि 'मीकॉन्स' उभे राहिले. वायरची मुळं वॉटफर्डच्या कला महाविद्यालयात. कॉलिन न्यूमन तिथे विद्यार्थी होता आणि ब्रूस गिल्बर्ट तिथेच दृकश्राव्य विभागात तंत्रज्ञ होता. गिल्बर्टचा जन्म 1946 चा, म्हणजे पंकचा स्फोट झाला तेव्हा तो तिशीत होता. विशीतल्या मुलांच्या त्या गर्दीत तो वयाने मोठा, अमूर्त चित्रकलेत मुरलेला. बेस वाजवणारा ग्रॅहम लुईस वस्त्र आणि फॅशनचं शिक्षण घेतलेला. ड्रमर रॉबर्ट गोटोबेड, जो पुढे रॉबर्ट ग्रे या नावाने ओळखला गेला, त्याने ड्रम नुकतेच हाती घेतले होते.

सुरुवातीला जॉर्ज गिल नावाचा पाचवा गडी होता. गिटार त्याला इतरांपेक्षा चांगली यायची, सोलो घ्यायची हौसही होती. 1977 च्या सुरुवातीला त्याला वगळलं, त्याची गाणी टाकून दिली, उरलेल्या गाण्यांतून सोलो काढले. जे शिल्लक राहिलं ते वायर. या बँडची घडण अशी वजाबाकीतून झाली आणि पुढे प्रत्येक वळणावर त्यांनी वजाबाकीच केली.

चौघांचा बँड म्हणून ते पहिल्यांदा उभे राहिले ते 1 एप्रिल 1977 रोजी, कॉव्हेंट गार्डनमधल्या नील स्ट्रीटवरच्या 'रॉक्सी' या तळघरातल्या क्लबमध्ये. रॉक्सी डिसेंबर 1976 मध्ये सुरू झालं आणि 1978 च्या वसंतात बंद पडलं. एवढ्याशा आयुष्यात लंडनच्या पंकचा अर्धा इतिहास तिथे घडला. त्या आणि पुढच्या रात्री ईएमआय कंपनीचा माइक थॉर्न तिथे ध्वनिमुद्रणाची यंत्रणा लावून बसला होता. बझकॉक्स, एक्स-रे स्पेक्स, अ‍ॅडव्हर्ट्स यांच्याबरोबर वायरची दोन गाणी 'लाइव्ह अ‍ॅट द रॉक्सी' या संकलनात गेली. चौघांचा तो पहिलाच कार्यक्रम होता, तरी थॉर्नने त्यांच्यात काही वेगळं ओळखलं. वर्ष संपायच्या आत ईएमआयच्या 'हार्व्हेस्ट' या शाखेकडून 'पिंक फ्लॅग' बाहेर आली. हार्व्हेस्ट म्हणजे पिंक फ्लॉइडचं लेबल, अर्ध्या अर्ध्या तासाच्या रचनांचं घर. तिथे या मुलांनी छत्तीस मिनिटांच्या आत 21 गाणी बसवली. त्यातलं सर्वांत छोटं गाणं 28 सेकंदांचं आहे.

छोटं गाणं करायचं म्हणून त्यांनी छोटं केलं नव्हतं. शब्द संपले की गाणं संपवायचं, एवढाच नियम. एरवी रॉकचं गाणं आपला मुद्दा मांडून झाल्यावरही दोन मिनिटं तेच तेच घोळवत राहतं. वायरचं गाणं मुद्दा झाल्याक्षणी कात्रीने कापल्यासारखं थांबतं. आणि त्या थांबण्यातच त्याची सगळी ताकद आहे: अंगात वेग भरलेला असतो आणि पायाखालची जमीन अचानक नाहीशी होते.

हे थांबणं ऐकू यायचं तर खोली लहानच हवी. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दहा मीटर लांबीच्या क्लबमध्ये ड्रमवर पडलेला घाव मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत सेकंदाच्या तीन शतांश भागात पोचतो. शंभर मीटर लांबीच्या क्रीडागारात त्याला सेकंदाचे जवळपास तीन दशांश लागतात, आणि वर भिंती आणि छत तो आवाज परतवत राहतात. ड्रम थांबला तरी सभागृह थांबत नाही, दीड-दोन सेकंद घुमत राहतं. लांब श्वासाच्या, तरंगत्या संगीताला ते घुमणं शोभूनही दिसतं. वायरच्या गाण्यातली मोकळी जागा मात्र त्या घुमण्याने बुजून जाते. शिवाय मोठ्या जागी सगळं ध्वनिवर्धकांतून येतं. तुम्ही ऐकता ते ध्वनितंत्रज्ञाने जुळवलेलं मिश्रण. लहान क्लबमध्ये गिटारचा आवाज तिच्या अँपमधून आणि ड्रमचा आवाज ड्रमवरूनच थेट अंगावर येतो. मंच गुडघाभर उंच. वादकांची एकमेकांकडे टाकलेली नजरही दिसते. रॉबर्ट ग्रे तर ड्रमचा संचही कमी कमी करत गेला; एके काळी त्याने बास ड्रम, स्नेअर आणि हाय-हॅट एवढ्यावरच भागवलं. तीन वाद्यांच्या आवाजात काही लपवता येत नाही. ते तसं ऐकायला माणसाने जवळच असावं लागतं.

मोठ्या सभागृहांचा अनुभव त्यांनी घेतला नाही असं नाही. 1979 च्या वसंतात ते रॉक्सी म्युझिक या बँडच्या आधी वाजवणारा बँड म्हणून युरोपभर फिरले. दुसऱ्या कुणासाठी जमलेल्या, अर्धवट भरलेल्या प्रेक्षागृहांत वाजवायचं, आणि तेही अमुक मिनिटांत आटपायचं. तो दौरा त्यांना मानवला नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला 'आउटडोअर मायनर' नावाचं त्यांचं एक अतिशय गोड गाणं लोकप्रिय व्हायच्या बेतात होतं. विषय होता पानाच्या आत बोगदे खणणारी एक अळी! अल्बममध्ये ते पावणेदोन मिनिटांचं होतं. कंपनीच्या आग्रहावरून त्यात पियानोचा तुकडा घालून ते लांबवलं. ब्रिटिश यादीत ते 51 व्या क्रमांकापर्यंत चढलं. दूरदर्शनवरच्या कार्यक्रमाची दारं उघडणार तोच विक्रीचे आकडे फुगवल्याचा संशय कंपनीवर आला आणि सगळं तिथेच विझलं. त्या वर्षीचा तिसरा अल्बम '154' मला त्यांचा सर्वोत्तम वाटतो. नावातली संख्या म्हणजे तोवर झालेल्या त्यांच्या कार्यक्रमांची बेरीज. तीन वर्षांत तीन अल्बम, प्रत्येक आधीच्यापेक्षा वेगळा. आणि मग ईएमआयशी फारकत.

इथे दुसरा कुठलाही बँड थोडं समजुतीने वागला असता. वायरने उलट टोक गाठलं. नोव्हेंबर 1979 मध्ये लंडनच्या जेनेटा कॉक्रन नाट्यगृहात त्यांनी प्रत्येक सभासदाच्या स्वतंत्र सादरीकरणासह कार्यक्रम केला. मग 29 फेब्रुवारी 1980 रोजी कॅम्डनच्या 'इलेक्ट्रिक बॉलरूम'मध्ये जवळजवळ सगळी नवी, अर्धीकच्ची गाणी मांडली. गाण्यांबरोबर दृश्यं. एका गाण्यात गॅसच्या शेगडीवर हातोडीचे घाव घालणं चालू आहे. दुसऱ्यात एक बाई बांधलेल्या दोन पुरुषांना ओढत मंच ओलांडते आहे. डोक्यावर वर्तमानपत्रांची शिरस्त्राणं घातलेल्या माणसांचा जथा वाद्यं बडवतो आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये त्याच काळात खुर्चीवर बसून जे नाट्यप्रयोग लोकांनी गंभीरपणे पाहिले, त्याच जातीचं हे. पण समोर बिअर प्यालेले, उड्या मारायला आलेले पंक. त्यांना हवं होतं 'पिंक फ्लॅग'मधलं '12 एक्स यू'. ते ओरडत राहिले, वस्तू भिरकावत राहिले. वायरने त्या गाण्याचा एक तुकडा वाजवला. पुढच्या वर्षी रफ ट्रेडने या रात्रीचं ध्वनिमुद्रण 'डॉक्युमेंट अँड आयविटनेस' नावाने काढलं, तेव्हा गाण्यांच्या यादीत त्यापुढे 'तुकडा' असंच छापलं. श्रोत्यांचा आरडाओरडाही तबकडीत तसाच ठेवला आहे. ऐकायला ती अवघड आहे. आवाज खराब, गाणी अपुरी. तरी मी ती महत्त्वाची मानते, कारण बँड आणि श्रोते यांच्यातलं भांडण इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच नोंदलं गेलं असेल. त्या कार्यक्रमानंतर बँड थांबला.

पाच वर्षांनी ते परत जमले, म्यूट या लेबलसाठी यंत्रांच्या तालावर नवं संगीत केलं, त्यातून 1987 चा 'द आयडियल कॉपी' आला. पुढे ड्रमचं काम यंत्रंच करू लागली तेव्हा रॉबर्ट 1990 मध्ये बाहेर पडला आणि शेतीकडे वळला. उरलेल्या तिघांनी बँडच्या इंग्रजी नावातलंही एक अक्षर काढून टाकलं आणि तसाच एक अल्बम केला. पुन्हा वजाबाकी! त्यानंतर सगळं शांत झालं.

या सगळ्या वर्षांत त्यांच्या गाण्यांवर इतरांनी बरंच काही केलं. आर.ई.एम.ने 1987 च्या 'डॉक्युमेंट' या अल्बममध्ये 'पिंक फ्लॅग'मधलं 'स्ट्रेंज' गायलं. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटने '12 एक्स यू' गायलं, शिकागोच्या बिग ब्लॅकने 'हार्टबीट'. 1994 मध्ये इलास्टिका या इंग्लिश बँडचं 'कनेक्शन' गाजलं. त्याची सुरुवातीची गिटार वायरच्या 'थ्री गर्ल रुंबा'शी इतकी मिळती की प्रकरण वकिलांकडे गेलं आणि न्यायालयाबाहेर मिटलं. स्वतः वायरने कमावलं त्यापेक्षा त्यांच्या कल्पनांवर इतरांनी कमावलं. पण त्यामुळे एक झालं. 2000 साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये चौघं पुन्हा एकत्र आले, तेव्हा समोर नवी पिढी बसलेली होती.

पुनर्मीलन म्हणजे जुन्याचा उत्सव असाच सगळ्यांचा समज होता. वायरने 2002 मध्ये 'रीड अँड बर्न' नावाच्या छोट्या तबकड्या काढल्या, त्या त्यांनी तोवर केलेल्या संगीतापेक्षा अधिक वेगवान आणि कर्कश होत्या; पन्नाशीच्या आसपासची माणसं चोविशीतल्यापेक्षा जोरात वाजवत होती. त्या काढल्या त्या स्वतःच्या 'पिंकफ्लॅग' या लेबलवर. माझ्या मते बँडच्या पन्नास वर्षांतला सर्वांत निर्णायक प्रसंग हाच.

कंपनीशी करार केला की ती आगाऊ रक्कम देते आणि ती तुमच्या विक्रीतून वळती करून घेते. मुद्रणाचा खर्च, चित्रफितीचा खर्च, दौऱ्याचा तोटा, सगळं तुमच्या खात्यावर चढतं. ते फिटेपर्यंत रॉयल्टी नाही. लाखो प्रती खपवणाऱ्याला हे परवडतं. काही हजार एकनिष्ठ श्रोते असलेला बँड त्यात कायमचा कर्जदार राहतो. स्वतःचं लेबल असलं की हिशोब बदलतो. न्यूमन स्वतः ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करतो, त्यामुळे स्टुडिओचं भाडं वाचतं. विक्रीचा मोठा वाटा बँडकडेच येतो. जुने अल्बम पुन्हा काढायचे की नाहीत हे दुसरं कुणी ठरवत नाही. काही हजार प्रती खपल्या तरी पुढचा अल्बम करता येतो. मग जुनी गाणी वाजवायची सक्तीच उरत नाही. कलेतलं स्वातंत्र्य असं वहीतल्या आकड्यांपासून सुरू होतं, हे या बँडकडून शिकण्यासारखं आहे.

2004 मध्ये गिल्बर्ट बाहेर पडला. पुढे त्याच्या जागी मॅथ्यू सिम्स आला, इतरांपेक्षा कितीतरी तरुण. आधी दौऱ्यापुरता, नंतर पुरता सभासद. 'रेड बार्क्ड ट्री', 'चेंज बिकम्स अस', 2015 चा 'वायर', 'सिल्व्हर/लेड', 'माइंड हाइव्ह' असे अल्बम एकामागून एक आले. त्यांतला 2013 चा 'चेंज बिकम्स अस' विशेष. इलेक्ट्रिक बॉलरूमच्या त्या रात्री आरडाओरड्यात बुडालेली अर्धवट गाणी त्यांनी तेहतीस वर्षांनी पुन्हा हाती घेतली, मोडली, नवे शब्द घातले आणि पुरी केली. जुन्याकडे ते वळले ते असे, न झालेलं काम पूर्ण करायला.

एकदा त्यांनी अपवाद केला. एप्रिल 2003 मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये 'पिंक फ्लॅग' सगळी वाजवली, आणि तिच्यासोबत तेव्हाचा नवा 'सेंड'. नेपथ्य होतं एस डेव्हलिन हिचं. नाटकाची ही नेपथ्यकार संगीताच्या कार्यक्रमासाठी पहिल्यांदाच काम करत होती. तिने चौघांना चार वेगवेगळ्या चौकटी खोक्यांत उभं केलं. पुढे तिने कान्ये वेस्ट, बियॉन्से, यू टू यांचे मंच उभारले, 2012 च्या लंडन ऑलिंपिकचा समारोपही तिचाच. आज स्टेडियममध्ये जे भव्य दृश्य दिसतं त्याचा एक धागा असा वायरपर्यंत येतो.

त्यांच्या क्लबमधल्या कार्यक्रमाचं रूप गेल्या दशकात ठरून गेलं होतं. चार माणसं साध्या काळ्या-करड्या कपड्यांत येतात. न्यूमन मध्ये, चष्मा लावून. समोरच्या स्टँडवर शब्द. नवं गाणं असलं की तो वाचून गातो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. लुईस एका बाजूला, जाड आवाजाचा, मोजकं बोलणारा. ग्रे पाठीचा कणा ताठ ठेवून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, घड्याळासारखा. सिम्सच्या पायाशी पेडलांची रांग. प्रास्ताविक नाही, 'कसे आहात सगळे' नाही. पहिली तीन-चार गाणी बहुतेक अजून न आलेल्या किंवा नुकत्या आलेल्या अल्बममधली. जुनी येतात ती अधूनमधून, आणि तीही सर्वांना पाठ असलेली क्वचित. प्रेक्षकांत पुढे पांढऱ्या केसांची, कानांत बोळे घातलेली माणसं. त्यांच्यामागे विशीतली, बहुधा स्वतः कुठल्या ना कुठल्या बँडमध्ये वाजवणारी मुलं. मध्यंतरात बँडचाच माणूस टेबलाशी तबकड्या विकतो.

2013 पासून त्यांनी 'ड्रिल' नावाचा फिरता महोत्सव सुरू केला: लंडन, ब्रायटन, शिकागो, लॉस एंजेलिस. शहरातल्या लहान जागा घ्यायच्या, तिथल्या तरुण बँडना बोलवायचं, आणि अखेरीस 'पिंक फ्लॅग' हे एकच गाणं वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त गिटारवादकांनी मिळून, एकाच कॉर्डवर वाजवायचं. जुनं गाणं वाजवलं, पण त्यावरची मालकी सोडून देऊन. 'सिल्व्हर/लेड' हा अल्बम 31 मार्च 2017 रोजी आला. दुसऱ्या दिवशी रॉक्सीतल्या त्या पहिल्या रात्रीला चाळीस वर्षं झाली. ती त्यांनी लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागातल्या क्लबमध्ये साजरी केली.

वायरच्या जोडीला नाव घ्यायचं तर ॲम्स्टरडॅमच्या 'द एक्स'चं. 1979 मध्ये, रिकाम्या इमारतींत घुसून राहणाऱ्या तरुणांच्या चळवळीतून हा बँड निघाला. भिंतीवर पटकन रंगवता यावं म्हणून नाव इतकं छोटं. कोणी कोणतं वाद्य वाजवायचं हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं, अशी त्यांची कथा आहे. मॅनेजर नाही, कंपनी नाही. तबकड्या आपल्या आपण काढायच्या, गाडी आपली आपण चालवायची. 1986 मध्ये त्यांनी स्पेनच्या क्रांतीवर चार गाणी केली आणि त्यांसोबत त्या काळातल्या छायाचित्रांचं जाडजूड पुस्तक दिलं. 1991 मध्ये टॉम कोरा या चेलोवादकाबरोबर अल्बम केला. आणि 2002 मध्ये इथिओपियाचा दौरा. तिथलं जुनं संगीत त्यांनी आधीपासून कान देऊन ऐकलं होतं. बँडच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी आदिस अबाबाचा सॅक्सोफोनवादक गेटाच्यू मेकुरिया याला ॲम्स्टरडॅमला बोलावलं. तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता, योद्ध्यांच्या रणगीतांतून आपली वादनशैली घडवलेला. त्याला या पंकांचं वाजवणं इतकं आवडलं की पुढचा अल्बम यांनाच घेऊन करायचं त्याने ठरवलं. 2006 चा 'मोआ अनबेसा' तो हा. त्यात द एक्सची गाणी थोडी. ते त्याच्या सुरांची साथ करतात. डच चळवळ्यांच्या गिटारी आणि आफ्रिकेतल्या ज्येष्ठ वादकाचा तो फाटका, धगधगता सूर, ही या लेखातली मला सर्वांत प्रिय तबकडी आहे. मेकुरिया 2016 मध्ये गेला. द एक्सचा पहिला गायक 2009 मध्ये तीस वर्षांनंतर निवृत्त झाला, त्याच्या जागी आर्नल्ड डी बुर आला, आणि ड्रमवर 1984 पासून कॅथरिना बोर्नेफेल्ड आहे. बँड चालू आहे.

क्लीव्हलंडच्या 'पेर उबू'ची गोष्ट निराळी आणि जास्त खडतर. 1975 मध्ये, पंक हे नाव रूढ व्हायच्या आधीच, पोलादाच्या भट्ट्या विझत चाललेल्या त्या शहरात हा बँड सुरू झाला. नाव आल्फ्रेड जारीच्या 1896 च्या नाटकातल्या राजाचं. डेव्हिड थॉमस हा त्याचा धनी: प्रचंड देहाचा, चिरक्या कापऱ्या आवाजाचा. बाकी सगळे बदलत गेले, तो राहिला. त्याच्या संगीताला तो 'अव्हान्त-गराज' म्हणायचा. अखेरच्या वर्षांत मूत्रपिंडं निकामी झाली होती, खुर्चीत बसून, काठी जवळ ठेवून तो गायचा. लहान जागेत ते बसलेलं शरीर आणि तो आवाज यांचा जो दाब तयार व्हायचा त्याला तोड नव्हती. 2023 मध्येही त्याने नवा अल्बम काढला. एप्रिल 2025 मध्ये तो गेला. मार्क ई. स्मिथनेही 'द फॉल' या आपल्या बँडचा शेवटचा कार्यक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये ग्लासगोत चाकाच्या खुर्चीतून केला आणि जानेवारी 2018 मध्ये तो गेला.

शरीर या संगीताची किंमत वसूल करतं. बोस्टनच्या 'मिशन ऑफ बर्मा'ला 1983 मध्ये थांबावं लागलं ते रॉजर मिलरच्या कानांत अखंड घुमणाऱ्या आवाजामुळे. 2002 मध्ये ते परतले. मिलर बंदुकीच्या सरावात वापरतात तसले कर्णरक्षक लावून वाजवायचा, ड्रमसमोर पारदर्शक आडोसा उभा केलेला असायचा. अशा अवस्थेत त्यांनी आणखी चार नवे अल्बम केले. पुन्हा जमलेल्या कोणत्याही बँडच्या उत्तरार्धात इतकं सकस काम मला दुसरं दिसत नाही.

हे सगळं ज्या खोल्यांवर उभं आहे त्यांचीच आता चिंता आहे. लहान क्लबचा जमाखर्च नाजूक असतो. तिकिटाचा मोठा भाग बँडला द्यायचा, ध्वनितंत्रज्ञ आणि दारावरच्या माणसाचा पगार द्यायचा, आणि भाडं निघतं ते मद्यविक्रीतून. शेजारी नव्या सदनिका उभ्या राहतात, नवे रहिवासी आवाजाची तक्रार करतात, परवाना धोक्यात येतो. इंग्लंडमध्ये 2018 पासून नियोजनाच्या नियमांत तत्त्व आलं की आधीपासून असलेल्या जागेशेजारी जो नवं बांधेल, ध्वनिरोधनाची जबाबदारी त्याने घ्यावी. 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' ही संस्था 2014 पासून याच कामात आहे. तिच्या नोंदीप्रमाणे एकट्या 2023 मध्ये ब्रिटनमधल्या 125 लहान जागांतलं संगीत थांबलं. मोठ्या क्रीडागारांतल्या तिकिटांमागे थोडी रक्कम लहान जागांसाठी काढून ठेवावी अशी शिफारस संसदेच्या समितीने 2024 मध्ये केली. सरकारने ती ऐच्छिक ठेवली. माझ्या मते ती सक्तीची हवी. स्टेडियम भरणारे कलाकार याच खोल्यांत तयार होतात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश बँडना युरोपात जाताना वाद्यांची कागदपत्रं, विक्रीच्या मालावरचं शुल्क असा भुर्दंड बसतो तो वेगळाच. आपल्याकडे लोअर परळच्या मथुरादास मिलमधला 'ब्लूफ्रॉग' 2007 मध्ये सुरू झाला आणि 2016 मध्ये बंद पडला. त्या दर्जाची ध्वनियोजना असलेली जागा मुंबईला परत मिळवणं सोपं गेलेलं नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'पिंक फ्लॅग' आणि '154' लागोपाठ ऐका, मग थेट 'चेंज बिकम्स अस'. द एक्सचा 'मोआ अनबेसा' आणि पेर उबूचा 1978 चा 'द मॉडर्न डान्स' त्यानंतर. आणि शिकायला, नोकरीला लंडनमध्ये असलेली आपली जी मुलं-मुली हा अंक मागवून वाचतात त्यांना माझी विनंती आहे: पेंटनव्हिल रोडवरचं 'लेक्सिंग्टन' किंवा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं, 1942 पासून संगीत चालू असलेलं 'हंड्रेड क्लब', यांपैकी कुठेही महिन्यातून एकदा जा. मुंबई-पुण्यात असाल तर इथल्या लहान जागांत जा. नाव ओळखीचं नसलं तरी तिकीट काढा, फुकट पासाची वाट पाहू नका. दार उघडतं त्या वेळीच आत जा आणि सर्वांत आधी वाजवणारा बँड पूर्ण ऐका. तबकडी आवडली तर तिथल्या टेबलावरच विकत घ्या, तेवढे पैसे त्यांच्या हातात थेट पडतात.